तो रात्री झोपतो कुठे? गादीच्या खोळीचं एक प्रकरण

डोंबिवलीत गेली कित्येक वर्षं मी फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते. हे प्रकरण माझ्या एका नऊ वर्षांच्या पेशंटचं आहे. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. लिहायचं कारण असं की धुळीच्या अ‍ॅलर्जीसाठी गादी-उशांना घालायच्या खोळींबद्दल मला आठवड्याला एकदा तरी कोणीतरी विचारतं. ‘घेऊ का?’ एवढंच विचारतात. या मुलाच्या घरी खोळ आधीच होती, तरीही त्याची छाती रोज रात्री वाजत होती.

ऑगस्ट २०२३. बाहेर पाऊस, आणि त्या पावसाळ्यात मुलाला मध्यरात्री दवाखान्यात नेऊन नेब्युलायझर द्यायची तिसरी वेळ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई त्याला घेऊन माझ्याकडे आली. ती शाळेत विज्ञान शिकवते, सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले. पाच वर्षांचा असल्यापासून सर्दी, सकाळी उठल्या उठल्या ओळीने आठ-दहा शिंका, डोळे चोळणं. सातव्या वर्षापासून रात्रीचा खोकला आणि शिट्टीसारखा आवाज. दिवसा बरा असतो, पकडापकडी खेळतो. रात्री अकरा-साडेअकराच्या पुढे आणि पहाटे चारच्या सुमाराला त्रास. शाळेच्या सहलीला दोन दिवस गेला तेव्हा एकदाही खोकला नाही, हे आईने स्वतःहून सांगितलं. मला ते फार महत्त्वाचं वाटलं.

अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे त्वचेची चाचणी करून घेतली. त्याआधी आठवडाभर सर्दीच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटीच नकारात्मक येते. हातावर थेंब टाकून हलकेच टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गांध मोजतात. नुसत्या सलाईनच्या थेंबापेक्षा तीन मिलीमीटर किंवा त्याहून मोठी गांध आली तर ती धरायची. याच्या हातावर डस्ट माइटच्या, म्हणजे घरातल्या धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म किड्याच्या, जागी सात मिलीमीटरची गांध होती. झुरळ, मांजर, बुरशी, परागकण यांना काही नाही. इतकं स्वच्छ उत्तर नेहमी मिळत नाही.

माइट म्हणजे ढेकूण नाही, ऊ नाही. तो चावत नाही, दिसत नाही. लांबी पाव मिलीमीटरच्या आसपास. आपल्या अंगावरून रोज गळणारा त्वचेचा कोंडा हे त्याचं अन्न. पाणी तो पीत नाही, हवेतला दमटपणाच अंगात शोषून घेतो. म्हणून आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली तर तो सुकून मरतो आणि सत्तर-ऐंशी टक्क्यांत, पंचवीस अंशांच्या आसपास, त्याची भरभराट होते. आपल्याकडचा जून ते सप्टेंबर म्हणजे त्याची सुगी. गादीत त्याला ऊब, घाम आणि कोंडा तिन्ही एका जागी मिळतं.

त्रास त्या जिवंत किड्यापेक्षा त्याच्या विष्ठेचा जास्त. एक माइट दिवसाला वीसेक कण टाकतो. त्या कणात त्याच्या पोटातली पाचक द्रव्यं असतात आणि तीच आपल्या नाकाच्या, श्वासनळीच्या अस्तराला डिवचतात. घरातल्या धुळीने दमा होतो हे डॉक्टरांना १९२०च्या दशकापासून ठाऊक होतं, पण धुळीतलं नेमकं काय, हे कळायला १९६४ उजाडलं. त्या वर्षी हॉलंडमधल्या लायडनच्या संशोधकांनी माइटकडे बोट दाखवलं. अ‍ॅलर्जीचा मुख्य साठा विष्ठेच्या कणांत असतो, हे १९८१ साली दाखवून दिलं गेलं. कण साधारण दहा ते चाळीस मायक्रॉनचा. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. एवढा जड कण हवेत तरंगत राहत नाही. गादी झटकली की उडतो आणि वीस मिनिटं ते अर्ध्या तासात खाली बसतो. म्हणून हवा शुद्ध करणाऱ्या महागड्या यंत्राचा माइटच्या बाबतीत फारसा उपयोग होत नाही. कण यंत्रापर्यंत पोचतच नाहीत. ते असतात उशीत, मुलाच्या नाकापासून चार बोटांवर.

आता त्या घरातली खोळ. आईने इंटरनेटवर वाचून वर्षभरापूर्वीच ‘मॅट्रेस प्रोटेक्टर’ मागवला होता. मुलाच्या स्वतःच्या पलंगावर, नव्या फोमच्या गादीवर तो चढवलेला. ‘मॅडम, मी तर खोळ घातली, पैसेही गेले. काही फरक पडला नाही. मग ही सगळी जाहिरातबाजीच का?’ तिचा स्वर चिडलेला नव्हता, थकलेला होता.

मी त्या रविवारी घरी गेले. असं जाणं आता कमी झालंय, पण दम्याच्या मुलाचं घर पाहिल्याशिवाय मला औषध लिहिल्यासारखं वाटत नाही. जुनी इमारत, पहिला मजला, मागच्या भिंतीला ओल. मुलांच्या खोलीत पलंग, त्यावर तो प्रोटेक्टर. हात लावून पाहिला. वरून प्लास्टिकचा थर दिलेला, कडांना इलॅस्टिक, खालची बाजू उघडी. असा प्रोटेक्टर लहान मुलाच्या शूपासून गादी वाचवतो, ते काम तो चोख करतो. पण माइटच्या कणांना बाजूने आणि खालून वाट मोकळीच. मूल कूस बदलतं तेव्हा गादी भात्यासारखी दबते आणि फुगते, आणि आतली हवा कणांसकट कडांतून बाहेर येते. पाणी अडवणं वेगळं आणि अ‍ॅलर्जी अडवणं वेगळं. उशीला साधा सुती अभ्रा होता. त्याच्या विणीतली भोकं या कणांच्या कितीतरी मोठी असतात.

हे सगळं मी आईला दाखवत होते, आणि मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. मी त्याला सहज विचारलं, ‘तुला हा पलंग आवडतो का रे?’ तो म्हणाला, ‘आवडतो. पण मी इथे झोपत नाही.’

घरातल्या सगळ्यांना हे माहीत होतं. दोन दवाखाने, अ‍ॅलर्जीचे डॉक्टर आणि मी, चौघांपैकी कोणी विचारलंच नव्हतं. तो रात्री दहाला पलंगावर आडवा व्हायचा आणि आईचा डोळा लागला की उठून बाहेरच्या खोलीत आजीजवळ जायचा. आजी खाली कापसाच्या गादीवर झोपतात. गादी त्यांच्या लग्नानंतरची, अर्थात कापूस अनेकदा पिंजलेला. पांघरायला गोधडी, त्यांच्या आईच्या आणि सासूच्या लुगड्यांची, आठ थरांची, हाताने टाचलेली. मुलगा त्या गोधडीत नाकापर्यंत गुरफटून झोपायचा. साडेअकराचा खोकला कुठून येत होता ते त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. सहलीतल्या शांत रात्रींचाही उलगडा झाला.

आणखी दोन गोष्टी बोलता बोलता निघाल्या. आधीच्या वर्षी दिवाळीपूर्वी पिंजारी बोलावून ती गादी गच्चीवर नव्याने भरून घेतली होती. मुलगा दिवसभर तिथेच कापसाचे ढग पाहत बसला होता. त्याच आठवड्यात त्याला पहिल्यांदा रात्री दवाखान्यात न्यावं लागलं होतं, पण गादीशी त्याचा संबंध कोणी जोडला नाही. फटाक्यांच्या धुरावर खापर फुटलं. आणि रोज रात्री नऊला आजी गादी झटकून, थोपटून अंथरायच्या. मुलगा तेव्हा शेजारी बसून गोष्ट ऐकायचा.

आजींशी बोलणं सगळ्यात अवघड होतं, आणि या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भागही तोच होता असं मला वाटतं. किडे हा शब्द ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडला. ‘डॉक्टरीणबाई, माझ्या अंथरुणात किडे? मी रोज झाडते, महिन्याला ऊन दाखवते.’ सून काही बोलणार होती, मी तिला खुणेने थांबवलं. आजींना सांगितलं की हा प्राणी घाणीत होत नाही. माणूस जिथे झोपतो तिथे तो असतो, स्वच्छातल्या स्वच्छ घरात असतो, माझ्याही गादीत आहे. हवा दमट आहे म्हणून आहे. नातवाच्या शरीराला तो सोसत नाही, एवढंच. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे त्याला आता माझ्याजवळ येऊ द्यायचं नाही, असंच ना?’

 मला ते मान्य नव्हतं. मूल रात्री ज्या कुशीत जातं ती कुशी काढून घेणं हा उपचार नाही, आणि नऊ वर्षांचं मूल दार बंद करून थांबतही नाही. मी म्हटलं, ‘येऊ द्या. आपण तुमच्या गादीलाच खोळ घालू.’ आजी लगेच तयार झाल्या. घरातल्यांमध्ये सगळ्यात मनापासून त्यांनीच ते पाळलं.

पण आईचा एक प्रश्न उरला होता, आणि तो तिने शिक्षिकेच्या पद्धतीने विचारला. याला पुरावा काय? मी तिला खरं ते सांगितलं, कारण पुरावा सरळ नाही. हा वाद जुना आहे. २००३ साली ब्रिटनमध्ये दम्याच्या ११२२ प्रौढ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना माइट अडवणाऱ्या खोळी, निम्म्यांना दिसायला तशाच पण साध्या. फरक पडला नाही. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये नाकाच्या अ‍ॅलर्जीवर तसाच प्रयोग झाला. गादीतले कण कमी झाले, रुग्णांचा त्रास मात्र दोन्ही गटांत सारखाच राहिला. २००८ साली डेन्मार्कच्या अभ्यासकांनी अशा ५४ चाचण्या एकत्र तपासल्या आणि माइटविरोधी उपायांचा उपयोग दिसत नाही असा निष्कर्ष काढला. अमेरिकेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांतही एकट्या खोळीवर भर देऊ नका, द्यायचीच तर इतर उपायांच्या जोडीने द्या, असा सूर आहे.

मग मी का सांगते? २०१७ साली मँचेस्टरच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीमुळे. त्यांनी सरसकट सगळे दमेकरी घेतले नाहीत. दम्याचा झटका येऊन नुकतीच रुग्णालयात आलेली आणि माइटची अ‍ॅलर्जी चाचणीत सिद्ध झालेली, ३ ते १७ वर्षांची मुलं घेतली, २८४ मुलं. वर्षभरात साध्या खोळींच्या गटातल्या सुमारे ४१ टक्के मुलांना झटक्यासाठी पुन्हा रुग्णालयात जावं लागलं, खऱ्या खोळींच्या गटात सुमारे २९ टक्के. म्हणजे शंभर मुलांमागे बाराजणांचा फेरा वाचला. तोंडाने स्टेरॉईड घ्यावं लागण्याच्या प्रमाणात मात्र ठळक फरक दिसला नाही, हेही त्याच अहवालात आहे आणि तेही मी तिला सांगितलं. आमचा मुलगा नेमका या वर्णनात बसणारा होता. वय लहान, अ‍ॅलर्जी एकट्या माइटची, आणि झटके रुग्णालयापर्यंत नेणारे. ज्याची चाचणीच झालेली नाही, किंवा ज्याला झुरळाची अ‍ॅलर्जी आणि धुराचाही त्रास आहे, त्याला मी खोळीवर हजारो रुपये खर्च करायला सांगत नाही.

माझा स्वतःचा समज असा की यातल्या बऱ्याच चाचण्यांत खोळ पलंगाला घातली गेली, पण आमच्या मुलासारखं कोण मध्यरात्री उठून कुठे गेलं हे कोण मोजणार. हा समज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही.

दसऱ्याच्या आधी आठ दिवस आम्ही कामाला लागलो. खोळी निवडताना एवढंच पाहिलं की कापड गच्च विणीचं असावं, भोकं दहा मायक्रॉनपेक्षा लहान असल्याचं वेष्टनावर लिहिलेलं असावं, सहाही बाजूंनी बंद होणारी असावी, आणि चेन जिथे संपते तिथे कापडाची पट्टी असावी, कारण कण तिथूनच निसटतात. न विणलेल्या, कागदासारख्या खोळी मी टाळायला सांगितल्या. त्या लवकर फाटतात आणि पृष्ठभागाच्या तंतूंतच माइट घर करू शकतात. प्लास्टिकच्या तर नकोतच, आपल्या हवेत त्यात घामाघूम व्हायला होतं आणि मूल खोळ काढून टाकतं. एकूण सहा घेतल्या. मुलाची गादी, आजींची गादी, आणि दोघांच्या मिळून चार उशा. कापसाची गादी चौकोनी आणि नेमक्या मापाची नसते, म्हणून तिची खोळ माप देऊन शिवून घ्यावी लागली. जुनी गादी टाकायची गरज नव्हती. आतलं आत राहिलं की पुरे.

गोधडीला खोळ घालता येत नाही. घातली तर ती गोधडी राहत नाही, आजींचंच म्हणणं. ती धुवायची ठरली, आणि इथे आईचं विज्ञान कामाला आलं. माइट मारायला पाणी ५५ अंशांच्या वर हवं. गार पाण्याने विष्ठेचे कण बरेच निघून जातात, पण माइट जिवंत राहतात आणि महिन्याभरात पुन्हा तेवढेच होतात. त्यांच्या मशीनला पाणी तापवायची सोय नाही. तिने शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणून गीझरचं पाणी बादलीत मोजलं. ५८ अंश. चादरी बुडवल्या आणि पुन्हा मोजलं तर ४९. कोरडं कापड उष्णता ओढून घेतं, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तेव्हापासून त्या घरात बादलीत आधी कपडे, मग गीझरचं पाणी आणि वर गॅसवर उकळलेलं एक मोठं पातेलं, असा क्रम ठरला. मी तो आता सगळ्यांना सांगते. लहान मूल जवळपास नसताना करायचं, हेही.

गोधडी अशा पाण्यातून काढून, साबणाने धुऊन, ऑक्टोबरच्या उन्हात तीन दिवस गच्चीवर पडली. आजींचं महिन्याला ऊन दाखवणं अजिबात वाया गेलेलं नव्हतं. कडक कोरड्या उन्हात माइट मरतात. पण मेलेल्या माइटचे आणि विष्ठेचे कण तसेच राहतात, ते धुवूनच जातात. गादी मात्र उन्हाने आतपर्यंत तापत नाही, आणि धुताही येत नाही. म्हणून तिला खोळ. हा फरक समजल्यावर आजींना बरं वाटलं. त्यांचं चुकलं नव्हतं, फक्त एक पायरी कमी पडत होती.

बाकीचं लवकर झालं. अंथरूण घालायची वेळ सकाळी, मुलगा शाळेत गेल्यावर. अंथरलेल्या गादीवर दिवसभर जाडी चादर. पलंगावरची तीन मऊ खेळणी महिन्यातून एक रात्र आणि एक दिवस फ्रीजरमध्ये, मग धुवायची. डासांची कॉइल बंद, मच्छरदाणी. आणि औषधाचं खरं काम: दम्याच्या रोजच्या पंपावर (इनहेलरवर) मोजणी असते, ती पाहिली तर दोन महिन्यांत संपायला हवा असलेला पंप जेमतेम निम्मा संपला होता. ‘सवय लागेल’ या भीतीने मधले दिवस गाळले जात होते. ते थांबवलं आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, नीट धरायला शिकवलं.

म्हणूनच नोव्हेंबरमध्ये खोकला जवळजवळ थांबला तेव्हा मी आनंदले, पण श्रेय खोळीला द्यायला तयार नव्हते. पंप नियमित झाला होता, पाऊस संपला होता, हवा कोरडी झाली होती. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्यावर कशाने गुण आला ते सांगता येत नाही. खरी परीक्षा पुढचा पावसाळा होता. २०२३च्या जून ते सप्टेंबरमध्ये रात्रीचे चार फेरे झाले होते. २०२४च्या त्याच चार महिन्यांत एक झाला, जुलैत, आणि त्याआधी आठवडाभर घरात सगळ्यांनाच तापाची सर्दी होती. सकाळच्या शिंका आठ-दहावरून एक-दोनवर आल्या, पूर्ण गेल्या नाहीत. डिसेंबरमध्ये रोजच्या पंपाचा डोस कमी करता आला, आणि तो पुन्हा वाढवावा लागलेला नाही. तरीही यातला किती वाटा खोळीचा आणि किती नियमित औषधाचा, हे एका मुलावरून मी सांगू शकत नाही.

मधे एकदा घडी बिघडली. २०२४च्या मे महिन्यात मुलगा कोकणात आजोळी गेला, पंधरा दिवसांसाठी. तिसऱ्या रात्री फोन आला. तिथे माळ्यावरून काढलेल्या, वर्षभर गुंडाळून ठेवलेल्या गाद्या पाहुण्यांसाठी अंथरल्या होत्या. पंप सुरू होता, मात्रा तीच, फक्त अंथरूण बदललं होतं. मी त्याला सतरंजीवर स्वच्छ धुतलेली सुती चादर घालून झोपवायला सांगितलं आणि उशीऐवजी घडी केलेली चादर. दोन रात्रींत खोकला उतरला. त्यानंतर त्याच्या प्रवासाच्या बॅगेत उशीची एक खोळ कायमची आहे.

खोळी दोन-तीन महिन्यांनी काढून धुतात, एरवी ओल्या फडक्याने पुसतात. वरच्या चादरी आणि अभ्रे दर रविवारी गरम पाण्यातून, कारण माणूस खोळीच्या वर झोपतो आणि कोंडा तिथेही गळतो. दीड वर्षात आजींच्या गादीची चेन एकदा अडकून फाटली. नवी खोळ येईपर्यंत त्यांनी त्या फटीवर जुन्या नऊवारीचा काठ दुहेरी घालून टाचून टाकला आणि मला फोन करून विचारलं, ‘एवढ्या गच्च टाक्यातून जाईल का हो ते?’ मी म्हटलं, सुईची भोकं मोठी असतात, वरून चिकटपट्टी लावा. त्यांनी लावली. मुलगा अजून पलंगावर झोपायला जातो आणि साडेअकराला उठून त्यांच्याजवळ येतो.